स्कूटरच्या धुराविषयी मामांस

तीर्थरूप मामांना धाकट्या भाच्याचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो तर आता लवकर सरळ होता येत नाही, कारण गेले सहा आठवडे मी स्कूटरपुढे उकिडवा बसलेला आहे. तेव्हा नमस्कार बसल्या बसल्या केला असं समजावं आणि आशीर्वाद कमरेला द्यावा.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं मामींच्या पत्रातून कळलं. पट्टी निघाली असेल अशी आशा आहे. निघाली नसेल आणि हे पत्र मामी वाचून दाखवत असतील, तर त्यांना एवढंच सांगावं की मध्ये थांबून हसू नये, यात हसण्यासारखं काहीही नाही. मामींचा खोकला, तुमचा गुडघा, मागच्या दाराची कडी, सगळं ठाकठीक असावं. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही, म्हणून पत्र. पत्रास कारण स्कूटर.

मागच्या वेळी मी चार पानं भरून तिचं दुखणं कळवलं होतं. त्यावर तुमचं पोस्टकार्ड आलं. त्यावर पत्ता होता, तारीख होती आणि मधोमध दोन शब्द होते: "प्लग बघ." मामा, तीस वर्षं ज्यांनी गॅरेज चालवलं त्यांचे ते दोन शब्द मी डोक्यावर घेतले आणि त्या दिवसापासून प्लग बघतो आहे. कामाला जाताना बघतो, आल्यावर बघतो, रविवारी सवडीने बघतो. इतका बघितला आहे की कुणी मागितलं तर न बघता चित्र काढून देईन. तो काळा आहे. नुसता काळा नाही, ओला काळा, कढईच्या बुडासारखा चिकट, आणि बोट लावलं की बोटही तसंच होतं. तारेच्या ब्रशने घासून, पेट्रोलने धुऊन, फुंकर मारून बसवला की एक दिवस बरा जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच अवतार. दोन नवे प्लग आणून झाले. नवा प्लग म्हणजे चार दिवसांनी काळा होणारा प्लग, एवढं ज्ञान मला या सहा आठवड्यांत झालं आहे.

स्कूटर चालते म्हणजे काय तेही सांगतो. सकाळी पहिल्या दहा किका नुसत्या व्यायामाच्या असतात. अकराव्या-बाराव्या किकेला ती खोकते (मामींची चेष्टा नाही), पंधराव्याला सुरू होते, आणि जिन्याखालून असा काही निळा-पांढरा धूर उठतो की शेजारचे पेन्शनर काका, ज्यांना आम्ही घरात 'खिडकी' म्हणतो कारण ते खिडकीखेरीज कुठे दिसत नाहीत, ते खिडकी लावून घेतात. इतक्या वर्षांत खिडकीने खिडकी लावलेली कुणी पाहिली नव्हती. पुढे सपाट रस्त्याने ती कशीबशी जाते, पण आमच्या छापखान्याच्या अलीकडचा चढ आला की तिचा जीव जातो. मूठ कितीही पिळा, आवाज वाढतो, वेग कमी होतो, आणि बरोबर पावाच्या दुकानापुढे ती बंद पडते. पाववाला आधी हळहळायचा, मग सल्ले द्यायला लागला, आता मी दिसलो की मुकाट्याने पावांवर फडकं टाकतो. (दादा कामाला असतो ते पाण्याचं पंपघर त्याच चढाच्या टोकाला आहे आणि तीन दिवस हीच स्कूटर तो नेतो, तेव्हा ते फडकं आठवड्याचे सहाही दिवस पडतं.) तिथून मी तिला ढकलत नेतो. छापखान्याचे मालक वरच्या गॅलरीतून बघत असतात आणि मी आत शिरलो की विचारतात, आजही आणलीत वाटतं. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, मामा. प्रुफात एक टिंब इकडचं तिकडे झालं तरी माझ्या डोळ्यांतून सुटत नाही. तोच मी आपल्या स्कूटरमधली चूक सहा आठवड्यांत शोधू शकत नाही, यावर कंपोझिंगची मंडळी जे बोलतात ते मोठ्यांच्या पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आता दादाविषयी. आईने कळवलं असेलच की दादा आणि मी पाच महिने बोलत नाही. (कळवलं नसेल तर आता कळलं.) तो वर राहतो, मी खाली. आई दुपारचं माझ्याकडे जेवते, संध्याकाळचं त्याच्याकडे, आणि उरलेला वेळ जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसते. (जिन्याला दहा पायऱ्या आहेत. आई कुणाच्या बाजूची नाही हे यावरून कळावं.) स्कूटर मात्र एकच, तुम्ही आणि बाबांनी मिळून निवडलेली निळी. तिचं वेळापत्रक आईने वहीच्या कागदावर लिहून मीटरच्या बोर्डाला चिकटवलं आहे: सोम-बुध-शुक्र धाकटा, मंगळ-गुरू-शनि थोरला, रविवारी कोणी नाही. सुरुवातीला आम्ही निरोपांवर भागवत होतो. मी हिला सांगायचो, ही वहिनींना, वहिनी दादाला. पण 'किल्ली जागेवर ठेवत जा' एवढा साधा निरोप वर पोचेपर्यंत त्याला मी जन्मात न म्हटलेली दोन वाक्यं चिकटायची, आणि वरून आलेलं उत्तर ऐकून मला जेवण जायचं नाही. महिन्याभरात भांडण दुप्पट झालं. तेव्हा आईने पाचव्या पायरीवरून जाहीर केलं की आजपासून निरोप बंद. तोंडं दिली आहेत, ती वापरा, नाहीतर गप्प बसा. आम्ही गप्प बसलो. ही आणि वहिनी पूर्वीसारख्याच दिवसभर गप्पा मारतात, पण आमच्या बाबतीत इकडचा शब्द तिकडे करत नाहीत. आईचा धाक आहे.

भांडणाचं मूळ तुम्हाला ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वी इंजिन जाम झालं, तो दिवस. (मामींसाठी लिहितो: या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनला पेट्रोलमध्येच मापाने तेल मिसळून द्यावं लागतं. तेल नसलं तर आतलं लोखंड लोखंडावर घासून इंजिन जागच्या जागी आवळतं. जास्त झालं तर धूर आणि काजळी. मामांना हे मी सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे.) त्या वेळी टाकी मी भरली होती. तेल दादाने घातलं असेल असं मला वाटलं आणि मी घातलं असेल असं दादाला. दुसऱ्या दिवशी बाबांना मागे बसवून निघालो आणि चौकात चाक जागीच अडकलं. मला नुसतं खरचटलं. बाबांचा गुडघा गेला तो गेलाच, शेवटपर्यंत ते काठी घेऊन चालले. पण त्यांनी आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून त्यांनी फक्त एक नियम केला: जो टाकीत तेल घालील त्याने उंबऱ्यात उभं राहून मोठ्याने म्हणायचं, 'तेल घातलं', आणि घरात जो असेल त्याने म्हणायचं, 'ऐकलं'. उत्तर आलं नाही तर पुन्हा ओरडायचं. (ही लग्न होऊन आली तेव्हा पहिला आठवडाभर तिला वाटत होतं की आम्हाला कसला तरी झटका येतो.) बाबा गेल्यावरही ते चालू राहिलं. पाच महिन्यांपूर्वी आईने कपाटामागून बाबांची काठी काढली, कुणा गरजूला द्यावी म्हणून. ती बघून दादा बोलून गेला की त्या दिवशी तू तेल घातलं असतंस तर ही काठी या घरात आलीच नसती. मी म्हटलं, पाळी तुझी होती. अकरा वर्षांत ही वाक्यं कुणी उच्चारली नव्हती, पण बहुधा दोघांच्याही तोंडात केव्हाची तयार होती. काठी पुन्हा कपाटामागे गेली, आणि त्या दिवसापासून उंबऱ्यात कुणी ओरडत नाही. याचा धुराशी काही संबंध असेल असं मला सुचलं नाही. तुम्हाला आत्ताच सुचलं असेल तर तुम्ही मामा आहात, मी भाचा आहे.

तर प्लगपुढे हात टेकल्यावर मी कार्बोरेटर उघडला. त्यात पेट्रोल यायचं एक बारीक पितळी भोक असतं, जेट, ते फुंकून साफ करतात असं कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून जेट ओठांत धरला आणि जोरात फुंकायचं म्हणून आधी जोरात श्वास आत घेतला. ही चूक. जेट गिळला नाही एवढंच, पण दिवसभर तोंडाला पेट्रोलची चव होती आणि हिने मला शेगडीच्या आसपास फिरकू दिलं नाही. त्याच दिवशी कामावर एका बँकेच्या वार्षिक अहवालाचं शेवटचं प्रूफ तपासताना मुखपृष्ठावर माझा काळा अंगठा उमटला, आणि मशीनवाल्यांनी तो तसाच छापला. तीनशे प्रती. बँकेच्या लोकांना ते काहीतरी नव्या पद्धतीचं बोधचिन्ह वाटलं आणि त्यांनी पसंती कळवली, म्हणून नोकरी शाबूत आहे.

मग मिस्त्रींकडे गेलो. कोपऱ्यावरच्या या मिस्त्रींना सगळे 'होऊन जाईल' म्हणतात, कारण काहीही दाखवलं तरी ते तेवढंच म्हणतात. त्यांनी सायलेन्सर उतरवून जाळला, तर त्यातून घमेलंभर काजळी निघाली. हात पुसता पुसता त्यांनी हळूच विचारलं की तेल जरा जास्त पडतंय का. मामा, मला राग आला. मला विचारतात! बाबांच्या खोकल्याच्या औषधाचं माप आहे ना, त्याने मी तेल मोजतो, डोळ्यांच्या रेषेत धरून, लिटरमागे रेघेपर्यंत, थेंब इकडे नाही तिकडे नाही. टाकी मी भरलेली असो की दादाने, माझ्या दिवशी झाकण उघडून बघतो, पेट्रोल वाढलेलं दिसलं की तेवढ्याचं तेल घालतो. दादाने घातलं आहे की नाही हे विचारणार कुणाला? एकदा ज्याने बापाला पाडलं तो दुसऱ्यावर विसंबत नाही. हे सगळं मी मिस्त्रींना चांगलं ठणकावून सांगितलं. ते म्हणाले, होऊन जाईल. तीन दिवस स्कूटर उत्तम चालली. चौथ्या दिवशी पाववाल्याने पुन्हा पावांवर फडकं टाकलं.

राहता राहिला हवेचा स्क्रू. (मामींसाठी: कार्बोरेटरच्या अंगाला एक छोटा स्क्रू असतो. बाहेर फिरवला की हवा जास्त, आत फिरवला की कमी.) प्लग काळा म्हणून मी तो दोन वळसे बाहेर काढून ठेवला. माझ्या पुढच्या पाळीला बघतो तर एकच वळसा. पुन्हा दोन केले. पुन्हा एक. मिस्त्री म्हणाले, हादऱ्याने फिरतात स्क्रू. मी विचारलं की हादरे रोज एकाच दिशेला आणि मोजून एकच वळसा कसे फिरवतात. त्यावर ते काय म्हणाले ते तुम्ही ओळखलं असेल. शेवटी मी हिची नखांच्या रंगाची बाटली घेतली, गुलाबी, आणि स्क्रूवर एक ठिपका आणि त्याच्या बरोबर समोर एक ठिपका असे दोन दिले, म्हणजे जरा जरी फिरला तरी कळेल. पुढच्या पाळीला बघितलं. माझे दोन ठिपके एकमेकांपासून लांब गेले होते, आणि त्यांच्या शेजारी दुसरे दोन ठिपके समोरासमोर उभे होते. गडद लाल.

मला आधी वाटलं, उष्णतेने माझाच रंग करपला. हिला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "हा वहिनींचा. कालचीच गोष्ट. वहिनी विचारत होत्या, यांना नेलपॉलिश कशाला लागतं. मी म्हटलं, आमच्याही ह्यांना लागतं." मग मला का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर तिने आईने निरोप बंद केल्याची आठवण दिली आणि ती आत गेली. मी तिथेच बसून राहिलो. दादाही महिनाभर माझ्यासारखाच उकिडवा बसत होता, फक्त मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी. मी हवा वाढवत होतो, कारण प्लग काळा होतो. तो हवा कमी करत होता, कारण इंजिन तापून पुन्हा आवळलं तर, ही भीती त्याच्या पोटात होती. मामा, ते लाल ठिपके मी बराच वेळ बघत होतो. पाच महिन्यांत दादाकडून मला आलेली ती पहिली गोष्ट होती, त्याने मला पाठवलेली नसली तरी.

त्यानंतर खरं म्हणजे मी स्क्रूला हात लावणं सोडायला हवं होतं. पण मी तो पुन्हा गुलाबीवर आणला, आणि पुढच्या पाळीला तो लालवर होता. मग मी गुलाबीवर, मग तो लालवर. मला त्याची सवय लागली. सकाळी उठलो की चहाच्या आधी जिन्याखाली जाऊन बघून यायचो. आणि मागच्या मागच्या शनिवारनंतर बघितलं तर स्क्रू ना गुलाबीवर होता, ना लालवर. बरोबर दीड वळसा, मधोमध. मी सोमवारी त्याला हात लावला नाही. त्या दिवशी मी इतक्या आनंदात निघालो की चढ आलेला कळला नाही, आणि ती पावाच्या दुकानापुढे बंद पडली तेव्हा मला रडू फुटायचं बाकी होतं. सगळं साफ, सगळं नवं, स्क्रू दोघांच्या संमतीने जागेवर, आणि धूर तेवढाच.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, छापखान्यात वीज नव्हती म्हणून मी घरी होतो. खिडकीतून बघतो तर दादा खाली आला. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, टाकीचं झाकण उघडलं, आत डोकावला, आणि पिशवीतून एक बाटली आणि पंपघरातलं काचेचं माप काढलं. माप डोळ्यांच्या रेषेत धरलं. रेघेपर्यंत तेल भरलं. थेंब इकडे नाही तिकडे नाही. आणि ओतलं. त्याच टाकीत, जिच्यात सोमवारी मी सगळ्या पेट्रोलचं तेल मोजून घातलं होतं. म्हणजे टाकी कुणीही भरो, तेल आम्ही दोघंही घालतो आहोत. अकरा वर्षांपूर्वी दोघांनीही घातलं नाही, कारण दुसऱ्याने घातलं असेल. आता दोघंही घालतो, कारण दुसऱ्याने घातलं नसेल. 'होऊन जाईल' मिस्त्रींची मी मनातल्या मनात क्षमा मागितली.

तुम्ही म्हणाल, सापडलं ना दुखणं, मग आता रडतोस कशाला. मामा, दुखणं सापडल्यापासून तर मी खरा खचलो. कारण औषध एका वाक्याचं आहे आणि ते मला दादाला सांगायचं आहे. मी चिठ्ठी लिहायला बसलो. 'तू तेल घालू नकोस' हा हुकूम वाटला. 'कृपया तेल घालू नये' ही सार्वजनिक बागेतली पाटी वाटली. 'तेल मी घालतो' यात तू घालत नाहीस असा टोमणा दिसला, आणि 'तेल मीही घालतो' यात तुझ्यावर भरवसा नाही हे उघडच आहे. धंद्याच्या सवयीने मी त्या चिठ्ठीवर इतक्या दुरुस्त्या केल्या की शेवटी ती फक्त आमच्या कंपोझिंगवाल्यांना वाचता आली असती. ती टाकीला चिकटवली आणि पायरी चढायच्या आत काढून घेतली. मग ठरवलं, तोंडाने बोलू. दादा जिना उतरत असताना समोर जाऊन उभा राहिलो. तोंड उघडलं आणि खोकला आला. दादा थांबला. तोही खोकला. मग तो पंपघराकडे गेला आणि मी छापखान्याकडे. आई पाचव्या पायरीवर होती. तिने कपाळावर हात मारला.

मग सगळ्यात सोपा उपाय करून बघितला: मीच तेल घालायचं थांबवलं. घालेना का तो एकटा. पण बुधवारी, दादाने नव्याने भरून ठेवलेल्या टाकीवर तसाच निघालो आणि चौक आल्यावर पाय आपोआप ब्रेकवर गेला. नेमकं हेच त्याला सुचलं असेल तर? त्यानेही मला खिडकीतून बघितलं असेल आणि तोही थांबला असेल तर? तर टाकीत थेंबभर तेल नाही आणि मी चौकात आहे. मामा, मी स्कूटर बंद केली, ढकलत घरी आणली आणि तेल घातलं. दीड माप घातलं.

आता मुख्य गोष्ट. आईने परवा पाचव्या पायरीवरून, वर नाही आणि खाली नाही, सरळ मीटरच्या बोर्डाकडे बघून सांगितलं, "येत्या नाही, पुढच्या रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. मला रोजचा धूर आणि रोजची तोंडं बघवत नाहीत." तिने वेळापत्रकावर तसं लिहिलंही आहे. खिडकीकाकांकडून असं कळतं की दादाने पंपघराजवळच्या क्वार्टरसाठी अर्ज करून ठेवला आहे, आणि स्कूटर आहे तोवर तो जात नाही, एवढ्यावर तो अडला आहे. स्कूटर गेली तर मला चालत जाता येईल, वीस मिनिटांचा रस्ता आहे, पाववालाही सुखी होईल. पण मग बोर्डावरचा कागद जाईल, लाल ठिपके जातील, दादाचं सामान वरून खाली उतरेल आणि मी खिडकीतून बघत बसेन. आमच्या दोघांत आता बिघडायला तेवढी एक वस्तू उरली आहे. मला ती जायला नको आहे, मामा. मला दादा जायला नको आहे.

असो. तुमच्या डोळ्याला ताण पडू नये म्हणून थोडक्यात लिहिलं आहे. औषधाचे थेंब वेळेवर घालावेत आणि मामींना माझा नमस्कार सांगावा. (मामी, तुम्हीच वाचत असाल तर नमस्कार.) सहावं पान इथे संपतं, तसा मीही संपतो.

तुमचा, काळ्या बोटांचा,
धाकटा भाचा

ता. क. सहा पानांत जे मागायचं ते राहूनच गेलं. दादाला तुम्ही एक ओळ लिहावी: तेल धाकटा घालतो, तू घालू नकोस. तुमचं तो ऐकतो. आईने निरोप घरातल्यांचे बंद केले आहेत, पोस्टाचे नाहीत, हे मी तिला विचारून घेतलं. ती 'हो' म्हणाली नाही, पण पाय हलवायची थांबली.

आणखी एक. हे मी सांगायला लावलं असं मात्र लिहू नये. तुम्हाला आपलं आपणच सुचलं असं लिहावं.

तिसरं आणि शेवटचं. पाकीट बंद केलं होतं, ते पुन्हा उघडून लिहितो आहे. आज शुक्रवार, माझा दिवस. छापखाना अर्धा दिवस होता, म्हणून दुपारीच येताना टाकी भरून आणली, गुपचूप तेल घातलं आणि हे पत्र पुरं केलं. पाकीट घेऊन दारापर्यंत येतो तर दादा पंपघरातलं काम संपवून आला होता. जिन्याखाली त्याने झाकण उघडलं, बघितलं, माप काढलं, ओतलं. मग तो जिना चढला नाही. माझ्या उंबऱ्यापाशी येऊन उभा राहिला. माझ्याकडे बघत नव्हता, मीटरच्या बोर्डाकडे बघत होता. आत हिच्या भांड्यांचा आवाज थांबला. मग तो बोलला, "तेल घातलं." आवाज पूर्वीएवढा मोठा नव्हता. आई पाचव्या पायरीवरून माझ्याकडे बघत होती. मी काही ठरवलं नव्हतं, मामा, पण माझ्या तोंडातून निघालं, "ऐकलं." त्याने मान हलवली आणि वर गेला. आईने पदराने डोळे पुसले आणि उठून बोर्डावरच्या कागदावरचा रविवारचा मजकूर खोडला. हे सगळं इतकं चांगलं झालं की तो वर जाऊन दार लावेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही: आज मीही घातलं आहे. पाच महिन्यांनी तो एक वाक्य बोलला, त्याला आता कुठल्या तोंडाने सांगू की ते फुकट गेलं? टाकीत दुप्पट तेल आहे, उद्या त्याची पाळी आहे आणि चढही तोच आहे. तेवढं तुम्हीच त्याला कळवा. पोस्टकार्ड चालेल.